दर तिसऱ्या दिवशी

आमच्या साडूंइतका वेळेचा विचार करणारा आणि तरीही कुठंच वेळेवर न पोचणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही. लग्नात ते पंगत उठता उठता येतात, बारशाला येतात तोवर बाळ रांगायला लागलेलं असतं, आणि माझ्या चुलत्यांच्या तेरवीला ते चौदाव्या दिवशी आलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. घरात सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. साडू दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "भाऊ, गेले तो दिवस शून्य धरायचा का एक, हे निरोपात नव्हतं." त्यांच्या चेहऱ्यावर चुकल्याचा भाव नव्हता. चुकला तो निरोप, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी त्यांना आत बोलावून उरलेला बुंदीचा लाडू दिला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मेहुणी सरकारी नर्स. पोंभुर्ण्यापासून आत, जंगलाला पाठ लावून बसलेल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात तिची बदली झाली आणि तिच्यामागोमाग एक लॅपटॉप, दोन बॅटऱ्या, सात कॅलेंडरं आणि एक नवरा एवढं सामान आलं. आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहिले. साडू पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरबसल्या करत. घरबसल्या हा आपला म्हणायचा शब्द, कारण घरात नेटवर्कच यायचं नाही. ते यायचं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आणि तेही मोहाच्या झाडाखालच्या एका ठरावीक दगडावर पूर्वेकडे तोंड करून बसलं तर. त्या दगडावर छत्री उघडून साडू पुण्याच्या मीटिंगा करत. मागं हिरवं पाणी, पांढरे बगळे. पुण्याच्या साहेबांना बरेच दिवस वाटत होतं की हा मागं निसर्गाचं चित्र लावून बसतो. एकदा त्या चित्रातून एक म्हैस चालत पुढं आली आणि तिनं साडूंच्या खांद्यावरून साहेबांकडे बघितलं, तेव्हा कुठं त्यांचा गैरसमज दूर झाला.

हा माणूस नेमकं काय करतो हे समजायला मला दीड वर्ष लागलं. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. संगणक म्हटलं की मला शाळेचे ऑनलाइन फॉर्म आठवतात आणि डोकं दुखतं. पण साडूंनी चिकाटीनं समजावलं. मोठमोठ्या कंपन्यांची पुष्कळ कामं परत परत करायची असतात. कोणतं रोज पहाटे, कोणतं दर सोमवारी, कोणतं महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी. ही कामं माणसानं लक्षात ठेवायची नाहीत, मशीननं ठेवायची. मशीनला ती सांगायची जुनी पद्धत म्हणजे पाच खाने, आणि त्यांत आकडे नाहीतर चांदण्या. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. या चांदण्यांवर साडूंचा फार राग. "एक दिवस सोडून एक दिवस, एवढं साधं वाक्य या खान्यात बसत नाई, भाऊ," ते तळमळून सांगत. "एकतीस तारखेला काम करते अन् महिना बदलला म्हून एक तारखेला पुन्हा करते. लागोपाठ दोन दिवस! तुमच्या वर्गात पोरगं असं करन तं तुम्ही काय कराल?" मी काय करणार? वर्गात लागोपाठ दोन दिवस कोणी अभ्यास केला असता तर मी पेढे वाटले असते.

म्हणून साडू स्वतःची रीत बांधत होते, आणि ती एका निराळ्याच जातीच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. तिला फंक्शनल म्हणतात. या भाषेत मशीनला 'आधी हे कर, मग ते कर' असा हुकूम सोडायचा नसतो. अमुक म्हणजे काय, एवढंच सांगायचं असतं. 'बाजाराचा दिवस म्हणजे बुधवार' हा एक तुकडा. 'एक दिवसाआड' हा दुसरा. 'हे सोडून ते' हा तिसरा. असे लहान लहान तुकडे आधी नीट घडवायचे आणि मग एकमेकांत बसवून कितीही मोठं वेळापत्रक उभं करायचं. शिवाय एकदा ज्या नावाला जो अर्थ दिला तो दिला. नंतर खाडाखोड नाही. बदल हवा तर नवं नाव, नवी वस्तू. हे तत्त्व साडूंनी इतकं अंगी बाणवलं होतं की किराण्याच्या यादीत मेहुणीनं तुरीच्या डाळीऐवजी मुगाची सांगितली तर ते डाळ खोडत नसत, अख्खी यादी नव्यानं लिहीत. जुन्या याद्याही फेकायच्या नाहीत, कारण त्या त्या वेळी त्या खऱ्याच होत्या. एकदा दुकानदाराच्या हाती चुकून चार याद्या गेल्या आणि घरात तीन प्रकारच्या डाळी आणि दोन किलो बेसन आलं. आठवडाभर आम्ही दोन्ही घरांनी झुणका खाल्ला.

"अन् या भाषेची खरी गंमत म्हंजे ती आळशी आहे," असं साडूंनी एकदा जेवताना अभिमानानं सांगितलं. आळशी म्हणजे कामचुकार नव्हे. मागितल्याशिवाय ती काहीच करत नाही. "समजा, इथून पुढचे सगळे बुधवार मी तिच्याजवळ देऊन ठेवले. सगळे, भाऊ, जगाच्या अंतापर्यंतचे. पण ती एकही काढून ठेवत नाई. तुम्ही म्हणाल पहिले चार दे, तं चारच काढते."

मेहुणी भात वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, आता समजलं का, यायले हेच काम काऊन आवडते ते?"

साडू हसले आणि आणखी भात मागितला. या माणसाला टोमणा कधी लागायचाच नाही.

वेळापत्रकाचं हे वेड आलं कुठून, तेही त्यांनी मला एकदा पाळीवर बसून सांगितलं. साडू राजुऱ्याकडचे. वडील कोळसा खाणीत. आठवडाभर पहिली पाळी, मग दुसरी, मग रातपाळी, आणि मध्ये एक सुट्टी, तीही दर खेपेला निराळ्या वारी. वडील झोपलेले असले की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, मग ती दुपार असो की दिवाळी. सात वर्षांच्या या मुलानं भिंतीवर रेघा मारून पाळ्यांची रांग शोधून काढली आणि आईला सांगितलं की औंदाच्या दिवाळीला बाबा जागे असतात. "आईनं विचारलं, तुले कोणी सांगतलं? म्या म्हटलं, भिंतीनं. दिवाळीले बाबा खरंच जागे होते. माह्यासंगं अंगणात बसून त्यायनं अनार पेटवला."  एवढं सांगून साडू पुन्हा छत्री सावरून टाइप करायला लागले.

आता इतकं सगळं झाल्यावर मशीनला मराठी का समजू नये, ही साडूंची नवीन खंत. चांदण्यांऐवजी माणूस जसा बोलतो तसंच वाक्य लिहावं आणि मशीननं ते वाचून त्यातून तुकडे काढावेत, हे त्यांनी मनावर घेतलं. वाक्य पहिल्या तुकड्याकडे द्यायचं. त्यानं आपला शब्द उचलायचा आणि उरलेलं वाक्य पुढच्याकडे सरकवायचं. नाही जमलं तर हात न लावता परत द्यायचं, म्हणजे दुसऱ्याला बघता येतं. मला हे काही केल्या समजेना. समजलं ते गिरजाबाईला. गिरजाबाई म्हणजे आमच्या तलावात मासेमारी करणाऱ्या घरांची पुढारी. साठीची बाई, आवाज पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. ती जाळ्यातली मासोळी निवडत होती. एका बाईनं टोपल्यातून मोठी उचलायची आणि टोपलं पुढं सरकवायचं, दुसरीनं झिंगे उचलायचे, तिसरीनं बारीक. साडूंचं बोलणं ऐकून ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर, येवढं का अवघड आहे त्यात? आपलं तेवढं घ्यावं, बाकीचं पुढच्या बाईले द्यावं. शेवटी टोपल्यात काही राह्यलं तं समजावं का वळखीचं नाई." साडूंनी टाळी वाजवली. नंतर पुण्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी हेच उदाहरण इंग्रजीत दिलं, झिंग्यांसकट.

मग माझी पाळी आली. मराठीचा मास्तर घरातच असल्यावर साडू कोणाला विचारणार? सकाळी दात घासताना, शाळेला निघताना, मी वर्गात असलो तर फोनवरून, प्रश्न येत.

"भाऊ, आठ दिवसांनी म्हंजे किती दिवसांनी?"

"सातच. सोमवारी म्हटलं तर पुढच्या सोमवारी."

"अन् पंधरा दिवसांनी?"

"चौदा."

"मंग महिन्यानं म्हंजे एकोणतीस?"

"नाही. महिन्यानं म्हणजे महिन्यानं."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "भाऊ, ही भाषा तुम्ही पोरांले शिकवता?"

'परवा' या शब्दानं तर त्यांची झोप उडवली. मागचाही परवा आणि पुढचाही परवाच. याआधी मेहुणीची नेमणूक मुलचेऱ्याकडे होती, तिथल्या बंगाली गावांत राहून साडू थोडं बंगाली शिकले होते. त्यांचा 'परशू'ही असाच दोन्हीकडे तोंड करून उभा असतो, हे आठवून त्यांना एवढा आनंद झाला की ते पोळीचा घास हातात धरून माझ्या घरी सांगायला आले. मी तीस वर्षं हे शब्द वापरत होतो, पण त्यांच्याकडे असं थांबून कधी बघितलं नव्हतं. शाळेत शिकवताना मी आता जरा जपून बोलायला लागलो.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं दडी मारली आणि धान पोटरीवर आलेलं. या दिवसांत धानाला पाणी मिळालं तर लोंब भरतो, नाही मिळालं तर नुसता भुसा. तलावात पाणी होतं, पण मोजकं. गावाची बैठक बसली. वरच्या बांध्या, मधल्या बांध्या आणि खालच्या बांध्या असे धानाच्या शेतांचे तीन भाग. तलावाचं पाणी सोडायचं जे तोंड, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, ते कोणासाठी कधी उघडायचं हे दरवर्षी भांडून ठरतं. मासेमारीवाल्यांचं म्हणणं, पाण्यात रोवलेल्या खुंटाच्या खाली पाणी जायला नको, मासोळी मरते. तुडुम उघडायचं काम लखमाजीकडे. लखमाजी हा म्हातारा इतकी वर्षं हे काम करतो की तुडुमाची लाकडी दांडी त्याच्या हाताच्या मापानं झिजली आहे. सगळ्या पाळ्या त्याच्या डोक्यात. पण त्या वर्षी बैठकीत कोणी तरी म्हणालं, आता डोक्यातलं नको, कागदावर पाहिजे, म्हणजे कटकट नाही. लखमाजीनं तोंडी सांगितलं, मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं: बुधवारी बाजार, तुडुम बंद. खालच्या बांध्यांना दर तिसऱ्या दिवशी पाणी. ती पाळी बुधवारी आली तर गुरुवारी. बाकीच्या दिवशी वरच्या आणि मधल्या बांध्या आलटून पालटून.

साडूंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. इतकं देखणं वेळापत्रक त्यांना पुण्यानंही कधी दिलं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी ते जसंच्या तसं मशीनला वाचायला लावलं, आणि तिसऱ्या सकाळी लखमाजीच्या साध्या फोनवर घंटी वाजून एक गोड बाई बोलली, "आज पाणी मधल्या बांध्यांचं." लखमाजीनं फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि 'हाव बाई' म्हणून तुडुम उघडायला गेला. गावात कौतुकाचा पूर आला. जावयानं तलावाले बोलतं केलं, असं लोक म्हणत; नर्सबाईचा नवरा म्हणून गाव साडूंना जावईच म्हणायचं. भांडण नाही, हाकाटी नाही. त्यात काही गडबड असेल अशी शंकासुद्धा कोणाला आली नाही. ज्याला जास्त मिळतं तो कधी तक्रार करत नाही, हे आम्हाला नंतर सुचलं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी मेहुणी गावाच्या खालच्या अंगाला तापाचे रोगी बघायला गेली होती. परत आली ती थेट पाळीवर. मी रविवार म्हणून साडूंजवळच बसलो होतो.

"लखमाजी बुढा बादलीनं पाणी घालून राह्यला धानाले," ती म्हणाली. "बांधीले भेगा पडल्या. तुमचं मशीन खालच्यायले पाणी कधी देते?"

"तिसऱ्या दिवशी."

"मंग सोमवारी दिलं तं पुढचं कधी?"

"गुरुवारी, मंग रविवारी."

मेहुणी कपाळाला हात लावून उभी राहिली. "अहो, तिजारा ताप कसा येते? आज आला तं उद्या नाई अन् परवा येते! आजचा दिवस धरून तिसरा! इथी सारेच तसंच मोजतात. मी रोज लिहितो ना रजिस्टरात, माह्या रोग्यायले विचारा."

साडूंचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार, कारण ते कलम लिहिलं मी होतं, आणि त्यांनी एकदा विचारलंही होतं, "भाऊ, तिसऱ्या दिवशी म्हंजे तीनच ना?" मी पेपर तपासत होतो. मान न उचलता 'हो' म्हणालो होतो. आठ म्हणजे सात हे ज्यानं ठासून सांगितलं, त्याच माणसानं तिसऱ्यापाशी मात्र डुलकी घेतली.

साडू पळाले. पायांत चप्पल नव्हती, लॅपटॉप उघडाच राहिला, आतून पुण्याचा कोणी तरी 'हॅलो, हॅलो' करत होता. मी मागोमाग गेलो. लखमाजीची शेतं सगळ्यांत शेवटी, जंगलाच्या कडेला. म्हातारा खरंच बादली घेऊन डबक्यापासून बांधीपर्यंत ये-जा करत होता. शेवटच्या दोन बांध्यांतलं धान पिवळं पडून मान टाकून उभं होतं. साडू बांधावर उभे राहिले, धापा टाकत म्हणाले, "काऊन नाई सांगतलं, बाबा?"

लखमाजीनं बादली खाली ठेवली. "का सांगू, जवाई? बाई फोनात बोलून राह्यली होती. मले वाटलं, मशीनले जास्त समजते. माह्याच ध्यानात चुकत असन."

"तुमचं धान वाळून राह्यलं ना, डोळ्यापुढं!"

"हाव." म्हाताऱ्यानं कपाळाचा घाम पुसला. "पण दांडी माह्या हातात आहे. म्या बोललो असतो तं लोक म्हणाले असते, आपल्या बांधीसाठी बोलते बुढा. म्हून चूप राह्यलो."

साडू खाली बसले, भेगाळलेल्या जमिनीवर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. हा माणूस मी रडताना पहिल्यांदा पाहिला. लखमाजी गोंधळला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि बादलीतलं उरलेलं पाणी त्यांच्यापुढं धरून म्हणाला, "तोंड धुवा, जवाई. सारं नाई मेलं."

त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक बसली. साडूंनी उभं राहून सांगितलं, चूक माझी आहे, खालच्यांना ठरल्यापेक्षा कमी पाणी मिळालं. मी उभा राहून म्हणालो, अर्धी माझी. वरच्या बांध्यांवाले कुरकुरले. झालं ते झालं, आता आमचं पाणी तोडू नका म्हणाले. मशीनच बंद करा, असंही एकानं सुनावलं. साडू खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात मागून गिरजाबाईचा आवाज आला.

"वरच्यायचं तोडू नका. आमचं तोडा. खुंटाच्या खाली चार बोटं जाऊ द्या पाणी, आठ दिवस. मासोळी मोठी झाली आहे, येवढ्यानं नाई मरत. थोडी मरन तं मरन. पण धान गेलं तं आमची मासोळी घेईन कोण?" मग ती साडूंकडे वळली. "अन् तुम्ही मशीन बंद नोका करू. पण त्या बाईले आधी आमच्यापुढं बोलाले लावा, का तिले का समजलं ते. मंग दांडीले हात लावन लखमा."

साडूंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जे काही उजळलं ते मला अजून दिसतं. त्यांचं वेळापत्रक म्हणजे शेवटी जोडलेले तुकडेच. वाचून जोडता येतात तसे ते उलटे बोलूनही दाखवता येतात, आणि ही गोष्ट त्यांनी आजवर फक्त पुण्याच्या साहेबांसाठी वापरली होती. पुढचे दोन दिवस ते लॅपटॉपपाशी कमी आणि लोकांच्या ओसरीवर जास्त बसले. तिसरा दिवस कसा मोजता? चौथा? सातव्या दिवशी म्हणजे कधी? म्हातारी माणसं बोटांच्या पेरांवर मोजून दाखवत आणि साडू शेजारी बसून आपल्या पेरांवर मोजत.

दोन दिवसांनी पाळीवर सगळे जमले. फोन दगडावर ठेवला. बाई बोलली, "मी असं समजले. खालच्या बांध्यांना पाणी: सोमवारी. बुधवारी बाजार, म्हणून गुरुवारी. मग शनिवारी. मग सोमवारी. बरोबर आहे का?"

पन्नास माणसं पेरं मोजत होती. शेवटी लखमाजी म्हणाला, "हाव. आता बरोबर."

गिरजाबाईला राहवलं नाही. ती फोनवर वाकून ओरडली, "अन् पंधरा दिवसांनी आम्ही जाळं टाकून राह्यलो, सोमवारपासून मोज!" साडूंनी तिचं वाक्य टाइप केलं. बाई म्हणाली, "चौदा दिवसांनी. सोमवारी." गिरजाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "चौदा कशाले म्हणते? पंधराच की," ती म्हणाली, आणि मग स्वतःच बोटं मोजून हसत सुटली. त्या वर्षी आमच्या तलावावर इतकं हसणं पहिल्यांदाच झालं.

सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही. लखमाजीच्या शेवटच्या दोन बांध्या गेल्या त्या गेल्याच. पण बाकीच्या खालच्या बांध्यांत लोंब भरला, आणि त्याच्या उरलेल्या धानाची कापणी करायला वरच्या बांध्यांवाली माणसंही आली. त्यांत साडूही होते. विळा त्यांना धरता येत नव्हता, म्हणून पेंढ्या वाहायचं काम दिलं. बारा पेंढ्यांत त्यांची पाठ गेली आणि पुढचे चार दिवस पुण्याच्या मीटिंगा त्यांनी पालथं पडून केल्या. लखमाजीनं धानाच्या लोंबांचा एक झुपका त्यांच्या दारावर आणून बांधला. चिमण्या आल्या, दाणे टिपून गेल्या, तरी साडूंनी तो काढू दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मेहुणीची बदली सिरोंच्याकडे झाली. सामान टेम्पोत चढलं, कॅलेंडरं चढली, साडू समोर बसले आणि टेम्पो सुटायची वेळ टळून तासभर झाला तरी गावातली माणसं त्यांना सोडेनात. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि 'येतो भाऊ' म्हणाले. तलावाचं काम आता आमच्या गावातली एक मुलगी बघते. नागपूरला शिकते, सुट्टीत येऊन त्या मराठीत नवे शब्द घालून जाते. लखमाजी अजून दांडी धरतो.

परवा, म्हणजे मागच्या परवा, साडूंचा फोन आला. तिकडे बोलीत तेलुगू मिसळलेलं. लोक वार एका भाषेत सांगतात आणि दिवस दुसऱ्या भाषेत मोजतात. नदीवरच्या नावेच्या फेऱ्यांचं काही तरी त्यांनी हाती घेतलं आहे. "पहिल्यापासून शिकून राह्यलो, भाऊ," ते म्हणाले, आणि आवाजावरून फार खूश वाटले. मग त्यांनी तिथल्या एका शब्दाचा अर्थ मला विचारला. मला तो येत नव्हता. तसं सांगितलं, तर म्हणाले, "बरं, मी विचारून कळवतो."

तीस वर्षं मी पोरांना शब्दांचे अर्थ लिहायला लावले. त्यांनी ते गुणांसाठी लिहिले आणि विसरून गेले, यात त्यांचा दोष नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ मला खरंच माहीत आहे का, हे कोणाला तरी मनापासून हवं होतं, ते एवढंच दीड-दोन वर्षं. अजूनही सकाळी दात घासताना मागच्या खोल्यांकडे माझे कान लागतात. तिथं आता भाड्यानं एक कृषी सहायक राहतो. भला माणूस आहे. सगळीकडे अगदी वेळेवर पोचतो आणि काहीही विचारत नाही.